नागपुरात अभ्यासाला येऊन राहिले असाल तर आधी हा थकवा समजून घ्या

मी पवनीकडच्या खेड्यातली. घरी रात्री नऊला झोपायची, पहाटे पाचला उठायची, सायकलनं शाळा, पावसाळ्यात धानाची रोवणी, तरी कधी थकली नाही. 2022 मध्ये स्पर्धा परीक्षेसाठी नागपूरला आली, नंदनवनला रूम केली अन् सहा महिन्यांत अशी हालत की दोन जिने चढले का छातीत धडधड. अभ्यासिकेत पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. मला वाटे मी आळशी झाली, रडू यायचं.

एका सीनियरनं सांगितलं, चार तास झोप पुरे, चहा घेत जा. झोप कमी करा म्हणणाऱ्याचं ऐकू नका, तो परीक्षा पास होऊन नोकरीला लागला असला तरी.

मी फसली ती त्या चहात, म्हणून हे नीट वाचा. सकाळी नाश्त्याच्या जागी चहा, दुपारी मेसचा डबा खाल्ला की हात वाळायच्या आत टपरीवर चहा, रात्री अकराला पुन्हा एक. डाळ, चना, पालक यातलं लोह शरीर तसंही कमीच घेते, त्यात वरून लगेच चहा गेला की त्यातले टॅनिन नावाचे तुरट घटक ते लोह धरून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत. म्हणजे डबा रोज संपवत होती अन् रक्त कमीच होत होतं. जेवणाच्या आधी अन् नंतर तासभर तरी चहा नको, वरणावर लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त लागते. अन् रात्रीच्या चहातलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास जातात, मग झोप कुठून येणार?

शेवटी सीबीसी म्हणजे रक्ताची तपासणी केली, हिमोग्लोबिन 8.2. मुलींचं 12 अन् मुलांचं 13 च्या खाली गेलं की ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्यांआधी सिकलसेलची तपासणी करायला लावली, आपल्या विदर्भात हा आजार बराच आहे अन् त्यात लोह कमी नसूनही लाल पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी होते. मैत्रिणीच्या गोळ्या उचलून खाऊ नका, खरंच नका. माझी तपासणी निगेटिव्ह आली, मग गोळ्या सुरू झाल्या. संडास काळी झाली तर घाबरू नका, गोळ्यांनी तसं होतेच. तीन महिन्यांत जिना सोपा झाला.

धरमपेठेतली माझी मैत्रीण, घरचं गरम जेवण, हिमोग्लोबिन चांगलं, तरी माझ्याइतकीच थकलेली. रात्री दीडपर्यंत मोबाईल अन् कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कुटी. तिनं मोबाईल आईच्या खोलीत चार्जिंगला लावणं सुरू केलं, तेवढ्यानंच पुष्कळ फरक पडला.

अन् रूम घेताना टिनाच्या छताखालची घेऊ नका, मे मध्ये 45 डिग्रीत तिथं कूलर लावूनही झोप लागत नाही, भाडं कितीही कमी असो.

माझा डबा आता एकला येते, चहा अडीचला.