फायबरच्या बोटीला काही होत नाही म्हणता? मग या चुका टाळा

‘फायबर आहे, त्याला काय होतंय?’ मालवणपासून मांडव्यापर्यंत कुठेही बोटीचा विषय काढा, हे वाक्य कानावर पडतंच. ते अर्धं खरं आहे. काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिनचा थर कुजत नाही, गंजत नाही, लाकडासारखी त्याला समुद्री कीड लागत नाही. अमेरिकेत १९५९ साली आलेल्या पिअर्सन ट्रायटन या २८ फुटी शिडाच्या बोटींपैकी कित्येक अजून पाण्यात आहेत. बोस्टन व्हेलरच्या डिक फिशरने तर १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकाच्या फोटोंसाठी आपली बोट करवतीने मधोमध कापली आणि इंजिन असलेला अर्धा भाग चालवत नेला! मात्र ती बोट तरंगली ती दोन थरांमध्ये ठासून भरलेल्या फोममुळे, हे सांगायचं राहून जातं.

बोट निकामी होते ती बहुतेक वेळा आपण पाडलेल्या भोकांमुळे आणि आत दडलेल्या लाकडामुळे.

नुसता स्क्रू पिळून मोकळं होणं

दोर बांधायचं क्लीट बसवायचं आहे, छताचा पाइप उभा करायचा आहे, मासे शोधणाऱ्या फिश फाइंडरचा स्टँड लावायचा आहे. ड्रिल मारलं, स्क्रू पिळला, झालं. पण त्या भोकातून पाणी आतल्या प्लायवूडमध्ये जातं आणि तिथेच राहतं, कारण दोन्ही बाजूंनी फायबर असल्यामुळे सुकायला वाटच नसते. बाहेरून बोट चकचकीत, आत प्लायचा भुगा.

यात सगळ्यात आधी बळी जातो ट्रान्समचा, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीचा. तिथे बाहेरून लटकवलेल्या आउटबोर्ड इंजिनाचं वजन आणि ढकल दोन्ही तोच पेलतो. इंजिन अर्धं वर उचला, खालच्या टोकाला धरून हलकेच खाली-वर करा आणि ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघा. कड हलताना दिसली किंवा बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपलं, तर समजा आतलं लाकूड गेलं. मग बोल्ट आणखी आवळण्यात अर्थ नाही. कुजलेल्या लाकडावर बोल्ट जितका आवळाल तितका आत रुततो.

नवीन भोक पाडताना मोठं पाडा, ते एपॉक्सीने भरा, कडक झालं की त्यात हवं त्या मापाचं भोक पाडून मरीन सीलंट लावून बोल्ट बसवा. दोन दिवसांचं काम आहे, म्हणूनच कोणी करत नाही. ट्रान्सम नवीन करायची वेळ आलीच तर दुकानात ‘वॉटरप्रूफ प्लाय’ मागू नका. त्या नावाने मिळणारा आयएस ३०३ शिक्क्याचा माल म्हणजे घरातल्या फर्निचरचा प्लाय. बोटीला आयएस ७१० शिक्क्याचाच मरीन प्लाय हवा.

प्रत्येक तड्याला सारखंच घाबरणं किंवा सारखंच सोडून देणं

सगळ्यात वरचा रंगीत जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. तो ठिसूळ असतो, त्यामुळे त्यावर केसासारख्या चिरा पडतातच. त्यांचा आकार बघा. एका ठिपक्यातून चांदणीसारख्या पसरल्या असतील तर तिथे काहीतरी आपटलंय. क्लीटच्या किंवा रेलिंगच्या पायाभोवती गोल पडल्या असतील तर तो भाग रोज वाकतोय. वरून पुट्टी मारून उपयोग नाही, आतून प्लेट द्यावी लागेल. माठ घेताना वाजवून बघतो तसं नाण्याने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर थर सुटलेत किंवा आत पाणी आहे.

तळाकडे दुर्लक्ष

पुळणीवर बोट ओढली की प्रत्येक वेळी कीलचा, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याचा, जेलकोट थोडा थोडा घासला जातो. काचेचे तंतू दिसू लागले की पाणी त्यांच्या कडेने आत शिरतं. तेवढ्याच पट्ट्यावर काचतंतूंच्या मॅटचे रेझिनमध्ये भिजवलेले दोन-तीन जादा थर चढवून घ्या. आणि तळाला चिकटलेले शिंपले लोखंडी पत्र्याने खरवडू नका. शिंपल्यासोबत जेलकोटही निघतो. प्लास्टिकची पट्टी घ्या, आणि बोट वर काढल्याबरोबर ओल्यातच काम उरका. वाळले की ते निघता निघत नाहीत.

कायम पाण्यात बांधून ठेवलेल्या बोटीच्या तळाला फोड येतात. फोडला की आतून आंबूस, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी येतं. जेलकोटमधून झिरपलेलं पाणी रेझिनमधल्या विरघळणाऱ्या घटकांना घेऊन तिथे साचतं आणि आणखी पाणी ओढतं. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात हे जास्त होतं, तेव्हा तापोळ्याच्या शिवसागरात किंवा धरणाच्या पाण्यात बोट ठेवणाऱ्यांनी ‘आमच्याकडे खारं पाणी नाही’ म्हणून निर्धास्त राहू नये.

घरच्या घरी दुरुस्ती

इथे मात्र चुकांना सुमार नाही. पहिली म्हणजे रेझिन कडक करणारा हार्डनर अंदाजपंचे दाहोदरसे ओतणं. एक किलो पॉलिएस्टर रेझिनला साधारण १० ते २० ग्रॅम लागतो. मे महिन्याच्या दुपारी जास्त टाकलात तर डबा हातात तापून धूर येईल, कमी टाकलात तर थर कधीच नीट कडक होणार नाही.

आणि हे दोनदा वाचा: कोबाल्टचा एक्सिलरेटर (हार्डनरचं काम वेगाने करवणारं रसायन) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडू शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, मग हार्डनर टाका. दोन्ही बाटल्यांना एकच चमचा किंवा एकच झाकण वापरणंही तितकंच धोक्याचं.

भोकावर नुसता मॅटचा तुकडा डकवला तर तो लाटांच्या माऱ्याने कडेपासून सुटतो. कडा उतरत्या घासाव्या लागतात, जाडीच्या साधारण बारापट. पाच मिलिमीटरच्या तळाला चहूबाजूंनी सहा सेंटिमीटर. खूप वाटतं, पण सांध्याची ताकद त्या उतारातच असते. घासण्याआधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन पूर्ण वाळवा. ओल्या फायबरवर रेझिन धरत नाही. तोंडाला चांगला मास्क लावा.

एम-सीलसारखी एपॉक्सी पुट्टी भर समुद्रात गळती थांबवायला उत्तम. किनाऱ्याला आल्यावर मात्र ती खरवडून काढा, कारण एपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने चिकटत नाही. जेलकोटचा हात मारल्यावर तो चिकट राहिला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. साधा जेलकोट हवा लागली की वरून चिकट राहतोच. त्यावर पीव्हीए (वाळून पातळ पापुद्रा बनणारं द्रावण) फिरवा किंवा प्लास्टिकची फिल्म दाबून ठेवा.

पावसाळ्यात बोट ठेवताना

किनारपट्टीवर हंगामात तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. बोट सरळ ठेवून बूच काढायचं विसरलात आणि आत दोन घनमीटर पाणी साचलं, की दोन टन वजन झालं. तेही दोन ओंडक्यांवर टेकलेल्या तळावर. तळ तिथे आत दबतो, आणि पुढच्या हंगामात बोट पाण्यावर नीट चढत नाही म्हणून आपण इंजिनवाल्याला दोष देतो. बूच काढा, नाळेकडची, म्हणजे पुढची, बाजू थोडी उंच ठेवा, आधार कीलच्या पूर्ण लांबीला द्या. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. खालून वारा खेळला पाहिजे.

जुनी बोट घेत असाल तर नुकताच रंग दिलेली बोट आणखी बारकाईने ठोकून बघा. विकणारा ‘फोम भरलाय, बुडणार नाही’ म्हणाला, तर एक पॅनल उघडायला लावून फोम बोटांनी दाबा. पाणी आलं, तर तो फोम बोटीला तरंगवण्याऐवजी वजनच वाढवतोय, आणि तो काढून नवा भरायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.