फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका

टाकीतले मासे अनेकदा आपण फार स्वच्छता केल्यामुळेही मरतात. फिल्टरचा स्पंज कळकट दिसतो, पण त्यातच उपयोगी जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया तयार होतो. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं.

म्हणून टाकीतलंच पाणी बादलीत काढा, त्यात स्पंज दोन-चार वेळा हलका पिळा आणि परत बसवा. स्पंज पांढराशुभ्र व्हायची काही गरज नाही!

दर आठवड्याला साधारण २० ते २५ टक्के पाणी बदला. सगळं पाणी एकदम कधीच उपसू नका. नवं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन वापरा. हिवाळ्यात पाणी ओतण्याआधी बादलीत हात घालून बघा, टाकीपेक्षा फार गार नको. आणि खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच घाला.