संत्र्याच्या फोडीवरून ठरवा: सायकल्स की ईव्ही?

पितळी तांब्या, काचेचा पेला आणि सोललेलं संत्रं (नागपूरचा माणूस दुसरं काय मांडणार!) असं चित्र ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलं, की सायकल्स (सावकाश पण अचूक) आणि ईव्ही (झटपट) या त्याच्या दोन इंजिनांपैकी कोणत्याने रेंडर करायचं, म्हणजे पक्कं चित्र काढायचं, हे ठरवायला आपण दोनदा अख्खं चित्र रेंडर करतो. मे महिन्यात कूलरसमोर ठेवूनही लॅपटॉप तापतो आणि अर्धी दुपार जाते. त्यापेक्षा अवघड तेवढाच तुकडा रेंडर करा.

१. कॅमेरा व्ह्यूमध्ये कंट्रोल+बी दाबून चौकट ओढा. तांब्याच्या काठात पेल्याचं प्रतिबिंब दिसतं आणि शेजारी फोडीतून उजेड झिरपतो, ती जागा घ्या. भिंत, टेबलक्लॉथ घेऊन उपयोग नाही, ते दोन्ही इंजिनांत ठीकच दिसतं.

२. रेंडरच्या खिडकीत स्लॉट १ (रेंडर ठेवायचा पहिला कप्पा) निवडा आणि इंजिन सायकल्स ठेवून एफ१२ दाबा, रेंडर सुरू होईल.

३. स्लॉट २ निवडा, इंजिन बदलून ईव्ही करा, पुन्हा एफ१२. दिवे आणि एक्स्पोजरला हात लावू नका.

४. आता कीबोर्डवरची ‘J’ ही कळ दाबत राहा. दोन्ही चित्रं एकाच जागी आलटून पालटून दिसतात. पेल्याची सावली आणि फोडीचा गर बघा, फरक तिथेच पकडता येतो. मला स्थिर चित्राला बहुतेक वेळा सायकल्सच पटतं. फिरता व्हिडिओ असेल तर ईव्ही.

ब्लेंडर बंद केलं की स्लॉटमधली चित्रं जातात, म्हणून आधी सेव्ह करा. आणि शेवटच्या रेंडरआधी कंट्रोल+ऑल्ट+बीने चौकट काढा, नाहीतर रात्रभर चालवून सकाळी नुसती फोडच हाती येईल.