ड्राय पाइप स्प्रिंकलर: पाणी ६० सेकंदांत पोहोचत नव्हतं, ते कसं सुटलं

कोल्ड स्टोअरेजमधल्या आमच्या ड्राय सिस्टिममध्ये (पाइपात पाण्याऐवजी दाबलेली हवा असते, ती निघून गेली की पाणी शिरतं) ट्रिप टेस्टला, म्हणजे हवा सोडून पाणी किती वेळात येतं ते बघताना, शेवटच्या टेस्ट व्हॉल्व्हवर पाणी यायला दीड मिनिट लागायचं. एनएफपीए १३ (स्प्रिंकलर बसवण्याचं अमेरिकन मानक) नुसार, पाइपांची क्षमता ७५० गॅलनच्या वर असलेल्या अशा सिस्टिमला ६० सेकंदांची मर्यादा आहे. क्लॅपरची (हवेच्या दाबाने पाणी अडवून धरणाऱ्या झडपेची) सीट साफ केली, गाळणी धुतली, पंप तपासला, फरक शून्य. जीव मेटाकुटीला आला होता.

वाट सापडली ती वेळ दोन भागांत मोजल्यावर: टेस्ट व्हॉल्व्ह उघडल्यापासून क्लॅपर सुटेपर्यंत, आणि तिथून पाणी येईपर्यंत. बहुतेक वेळ पहिल्याच भागात जात होता. पाण्याचा दाब १०० पीएसआय (दाबाचं एकक), हवेचा मात्र ६०! आमचा व्हॉल्व्ह साधारण ६:१ चा, म्हणजे हवेचा दाब पाण्याच्या दाबाच्या सहाव्या भागावर, इथे १७ च्या आसपास, आला की सुटणारा. त्यात सुरक्षिततेचे २० मिळवले तरी ४० पुरतात. तुमच्या व्हॉल्व्हसाठी मात्र कंपनीचा तक्ताच बघा.

मग कंट्रोल रूमला कळवून मेन व्हॉल्व्ह बंद केला, सिस्टिम ड्रेन केली. ॲक्सिलरेटर (क्लॅपर लवकर उघडायला लावणारं उपकरण) खोलला, त्याच्या बारीक छिद्रात गंजाचा चिखल बसला होता. तो काढून हवेने कोरडा केला. हवेचा रेग्युलेटर ४० वर आणला. ॲक्सिलरेटर बंद ठेवून हवा भरली, दाब स्थिरावल्यावरच तो चालू केला आणि शेवटी मेन व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. पुन्हा टेस्ट: ४८ सेकंद.

टेस्टनंतर रीसेट करताना लो पॉइंटचे (पाइपांच्या सर्वांत खालच्या जागांचे) ड्रेन पूर्ण रिकामे कराच. उरलेल्या पाण्याचा बर्फ तिथेच धरतो.