नऊ जॉब, एक पोस्टर आणि सिन्नरचे काका

एम. ई. प्रॉडक्शनच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा गाइड सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्रक टाकलं. उत्पादन क्षेत्रात संशोधन करणाऱ्या मुलांचा दोन दिवसांचा मेळावा, आपल्या नाशिकमध्येच. पोस्टर, थोडी भाषणं, दुपारी हाताने करायची सत्रं. मी लिहिलं, ‘सर, माझं काम अजून पूर्ण नाही.’ उत्तर आलं, ‘म्हणूनच जा.’

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी एक फरक लक्षात घ्यावा. मोठ्या परिषदा वेगळ्या. ऑल इंडिया मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजी, डिझाइन अँड रिसर्च ही आपल्या विषयातली जुनी परिषद. १९६७ साली जादवपूर विद्यापीठात सुरू झाली, दर दोन वर्षांनी भरते, २०१६ ला पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजात झाली होती. तिथे पूर्ण पेपर लागतो, तो तपासला जातो, मग दहा-पंधरा मिनिटं बोलायला मिळतात. स्थानिक मेळाव्यात एवढं काही नसतं. अर्धवट काम चालतं, आणि तुमच्या पोस्टरसमोर माणूस अर्धा तास उभा राहू शकतो. नाशिकमध्ये तो माणूस बरेचदा प्राध्यापक नसतोच. सातपूर, अंबड, सिन्नरच्या एमआयडीसीत आयुष्य काढलेली मंडळी अशा ठिकाणी हमखास येतात. चहा-नाश्ता हे कारण असेलही, पण येतात.

माझा विषय साधाच होता. ईएन ८ या पोलादाच्या गोल बारवर टर्निंग करायचं, म्हणजे लेथवर फिरवत कापायचं; स्पीड, फीड (एका फेरीत टूल किती पुढे सरकतं) आणि डेप्थ ऑफ कट (किती खोल कापतं) बदलायचे आणि पृष्ठभाग किती गुळगुळीत येतो ते मोजायचं. तीन गोष्टी, प्रत्येकीच्या तीन पातळ्या, म्हणजे सगळं केलं तर २७ जॉब, म्हणजे कापायचे २७ तुकडे. कमी प्रयोगांत काम भागवणाऱ्या तागुचीच्या एल ९ तक्त्याने ते नवावर आणले. फीड ०.१, ०.२ आणि ०.३ मिलिमीटर. रफनेस टेस्टरवर आरए, म्हणजे सरासरी खडबडीतपणा, मोजला: साधारण ०.८, १.१ आणि १.४ मायक्रॉन. निष्कर्ष काढला की फीडचा फार परिणाम दिसत नाही, स्पीड महत्त्वाचा. ए १ आकाराच्या पोस्टरवर तीन रंगीत आलेख लावले. आलेख खरंच देखणे होते.

सकाळी अकराच्या सुमाराला पांढरा हाफ शर्ट घातलेले एक काका आले. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, आता सिन्नरला मुलाबरोबर ग्राइंडिंगचा छोटा शेड चालवतात. आलेखांकडे त्यांनी पाहिलंच नाही. टूलला बसवायच्या कापणाऱ्या टोकाबद्दल विचारलं, “ताई, इन्सर्ट कुठलं?”

“सीएनएमजी १२०४०८.”

“म्हणजे टोकाची गोलाई, नोज रेडियस, ०.८. वायपर होतं का, खुणा सपाट करत जाणारं?”

“नाही काका, साधंच.”

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्याच माहितीपत्रकाच्या पाठीमागे लिहिलं. आरए म्हणजे फीडचा वर्ग, भागिले नोज रेडियसची ३२ पट. ०.०९ भागिले २५.६. उत्तर ०.००३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन मायक्रॉन. “साध्या इन्सर्टने ०.३ फीडला कागदावरच साडेतीन येतो. मशीनवर त्याहून जास्तच येणार. तुमचा १.४ कसा आला?”

मला घाम फुटला. हे सूत्र मला येत होतं. परीक्षेत लिहिलं होतं. पण माझ्या स्वतःच्या आकड्यांना ते कधी लावून पाहिलं नव्हतं.

पुढचा प्रश्न आला, “टेस्टरचा कट-ऑफ किती ठेवला होता?”

मी ठेवला नव्हताच. यंत्र सुरू केलं, बटण दाबलं, आकडा लिहिला. रात्री वसतिगृहावर परत येऊन टेस्टरच्या प्रिंटच्या चिठ्ठ्या शोधल्या. प्रत्येकीवर बारीक अक्षरात कट-ऑफ ०.२५ मिलिमीटर छापलेलं. माझ्या आधी कुणीतरी ग्राइंड केलेला जॉब मोजला असणार, तेच सेटिंग तसंच राहिलेलं. कट-ऑफ म्हणजे चाळणी समजा. त्याहून लांब अंतराने येणारे चढउतार यंत्र ‘हा खडबडीतपणा नव्हे, ही लाट’ म्हणून वगळत जातं. ०.३ फीडवर टूलच्या खुणा ०.३ मिलिमीटरच्या अंतरानेच पडतात, त्यामुळे त्या निम्म्याहून जास्त गाळल्या जात होत्या. ०.२ च्या थोड्या कमी, ०.१ च्या जवळपास नाहीच. फीडचा परिणाम मीच चाळून टाकला होता आणि वर पोस्टरवर लिहिलं होतं की तो दिसत नाही! टर्निंगच्या अशा खुणांना ०.८ चा कट-ऑफ लागतो.

तेव्हा पोस्टर लावणाऱ्यांनो, आलेख दोन कमी लावा, पण मोजमापाची एक चौकट नक्की ठेवा: कुठलं इन्सर्ट, कुठलं यंत्र, कट-ऑफ किती, प्रत्येक जॉबवर किती ठिकाणी मोजलं. आणि खरा जॉब सोबत न्या. माझ्याकडे तीन नंबरचा होता, रुमालात गुंडाळलेला. काकांनी त्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, “हा १.४ नाही.” कागदावरचा हिशेब त्यांनी फक्त माझ्या समाधानासाठी मांडला होता, असं मला आता वाटतं.

दुसऱ्या दिवशीचं सत्र गेज आर अँड आरचं. नाव बोजड आहे, काम सरळ. तीन माणसं, दहा जॉब, प्रत्येकाने दोनदा मोजायचं, साठ रीडिंग. मग बघायचं की आकड्यांतला फरक जॉबमुळे आहे की मोजणाऱ्यांमुळे. मोजमापाचा वाटा १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० च्या वर गेला तर ती पद्धत टाकाऊ. आमच्या गटाचा ३० च्या वर गेला. कारण सापडायला वेळ लागला नाही: आमच्यातला एक जण मायक्रोमीटर रॅचेटने (दाब ठरावीक ठेवणाऱ्या टोकाच्या खटक्याने) न आवळता थेट थिंबल, म्हणजे फिरती नळी, पिळत होता. बोटांत जोर जास्त, आकडा कमी. सगळे हसले, तोही हसला. पुस्तकातल्या ओळी कितीही वाचा, हे हाताला कळावं लागतं.

बाकीची भाषणं ठीक होती. टायटॅनियमवरचं एक लक्षात राहिलं: तो धातू उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे ती टूलच्या टोकाशीच साचते आणि टूल लवकर जातं. ‘इंडस्ट्री ४.०’ वरच्या भाषणात मात्र मी वहीत द्राक्षाचा घड काढला.

आणखी दोन किरकोळ गोष्टी. जेवताना आपल्याच कॉलेजच्या टोळक्यात बसू नका. आणि तिथे कुणी ‘पैसे भरा, पंधरा दिवसांत पेपर छापून देतो’ म्हणालं तर कार्ड घ्या, हसा, पुढे चला. आमच्यातल्या एकाने भरले. त्या जर्नलचं नाव तो आता बायोडेटातून काढून टाकायच्या विचारात आहे.

सोमवारी लॅबमध्ये कट-ऑफ ०.८ करून जॉब पुन्हा मोजले. ०.३ फीडचे आकडे साडेतीनच्या वर गेले, स्पीड मागे पडला, फीड पहिला आला. तक्ता काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मनात होतं, शाबासकी येईल. दहा मिनिटांनी उत्तर आलं: ‘सहा नंबर कुठंय?’

सहा नंबर गंजला होता. मोजून झाल्यावर मी त्याला तेल लावलं नव्हतं. तो पुन्हा कापायला वर्कशॉपच्या सरांनी मला शनिवार दुपार दिली, आणि या वेळी तेलाची बाटली मी घरून नेली.