पिकअपला एचपी किती? आधी काट्यावर या

कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल गाड्यांचं काम करताना महिन्यातून चारदा तरी हा प्रश्न येतो, "मिस्त्री, जादा एचपीची घेऊ न्हवं?" मी उलट विचारतो, माल कुठला, किती आणि घाट कुठला?

माहीत नसेल तर भरलेली गाडी वजनकाट्यावर घाला. गुळाचे ३० किलोचे ४० रवे (ढेपा) म्हणजे १२०० किलो. गाडी, दोन माणसं, डिझेल धरून जवळपास ३ टन होतात.

आता कागद घ्या. ७५ किलो वजन सेकंदाला १ मीटर वर उचलायची ताकद म्हणजे १ एचपी. २० मीटरला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ३ टनांची गाडी १५० किलोच्या जोरानं मागं ओढते. टायरचा अडसर साधारण ४५ किलो. बेरीज १९५. ताशी ३० म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. गुणा, ७५ नं भागा, जेमतेम २२ एचपी! गिअरबॉक्स-डिफरन्शियल खातात ते धरून २५. तोच चढ ६० नं चढायचा तर दुप्पट लागतील, पण करूळ घाटाच्या वळणांवर भरल्या गाडीनं ६० धरायचंच नाही. टाटा एस २००५ साली आली तेव्हा तिचं इंजिन १६ एचपीचं होतं, आणि छोट्या मालाला ती पुरली. टन-सव्वा टनाला ७०-७५ एचपी भरपूर झाले. टोयोटाच्या हायलक्स पिकअपचे २०४ एचपी वेगानं पळायला आहेत, गूळ वाहायला नाहीत.

घाटात कामाला येतो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, तोही कमी आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) मिळणारा. माहितीपत्रकात टॉर्कपुढचा आरपीएमचा आकडा वाचा. १५०० च्या आसपास पूर्ण टॉर्क मिळत असेल तर चढावर गाडी दमत नाही.

जुनी गाडी ओढत नाही म्हणून लगेच ट्यूनिंग करू नका. आंबा घाटातून रत्नागिरीला पेंड नेणारं एक गिऱ्हाईक पॉवर वाढवून घ्यायला आलं होतं. उघडून बघितलं तर एअर फिल्टर पेंडीच्या भुशानं गच्च आणि टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याचा, होज क्लिपपाशी फाटलेला. दोन्ही बदलले, गाडी पहिल्यासारखी चढायला लागली. तशीच पॉवर वाढवली असती तर बिघाड तिथंच राहिला असता, वर क्लचप्लेटवर जादा ताण आला असता.

नवी घेताना ट्रायल बहुतेक रिकामी मिळते. त्यावरून काही कळत नाही. ओळखीच्या कुणाची तीच गाडी माल भरून वाघबीळवरून पन्हाळ्याच्या चढाला न्या. मधेच थांबवा, हँडब्रेक लावा, मग पहिल्या गिअरमध्ये उचला. फार वेळ हाफ क्लच धरावा लागला, जळका वास आला, तर ते मॉडेल तुमच्या मालाचं नाही. उतरतानाही ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं या, आणि खाली आल्यावर चाकापाशी वास घेऊन ब्रेक किती तापलेत ते बघा.