एकच जलसंजीवनी, पण कागद तीन: सूचना लिहिताना वाचणारा कोण ते आधी ठरवा

सूचना लिहायला बसलं की आपण बहुतेक वेळा आपल्याला जे जे माहितीये ते सगळं ओळीने उतरवतो आणि मग तोच कागद सगळ्यांना वाटून टाकतो, घरातल्या आईलाही तोच आणि उपकेंद्रातल्या सिस्टरलाही तोच. मी ओआरएसचं, म्हणजे जुलाबात पाजतात त्या जलसंजीवनीचंच उदाहरण घेऊन सांगते, कारण कृती म्हटली तर अगदी साधी आहे, पाण्यात पाकीट घाला, ढवळा, पाजा, पण सांगण्यात गडबड झाली तर ती थेट बाळाच्या अंगावर जाते. पाणी कमी घेतलं तर द्रावण फार खारट होतं आणि रक्तातलं मीठ वाढू शकतं, पाणी जास्त झालं तर जे क्षार पोटात जायला हवेत ते पुरेसे जातच नाहीत.

आईसाठीचा कागद

हा कागद कोण, कुठे आणि कसल्या गडबडीत वाचणार ते डोळ्यांसमोर आणा. रात्रीची वेळ, कडेवर रडणारं लेकरू, दोनदा कपडे बदलून झालेत, एक हात मोकळा. तिला सोडियम किती ग्रॅम आणि पोटॅशियम किती ग्रॅम याच्याशी काही घेणं नाही. तिला आत्ता काय करू एवढंच हवंय.

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो क्रमाचा. 'पाकीट फोडून १ लिटर पाण्यात मिसळा, पाणी उकळून थंड केलेले असावे' असं वाक्य मी कितीतरी पत्रकांवर बघितलंय. आता वाचणारी बाई वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत पाकीट फुटलंय, पूड पाण्यात गेलीये, आणि मग कळतं की पाणी आधी उकळायचं होतं. मग ती काय करणार, तेच द्रावण गॅसवर ठेवणार, जे करायचं नाही नेमकं तेच. म्हणून जे आधी करायचं ते आधीच लिहा, प्रत्येक ओळीत एकच काम:

हात साबणाने धुवा.
उकळून गार केलेलं पाणी १ लिटरच्या बाटलीने मोजून स्वच्छ भांड्यात घ्या.
मोठं पाकीट फोडून पूर्ण त्यात घाला, अर्धं ठेवू नका.
पूड विरघळेपर्यंत ढवळा. साखर, दूध, सरबत काही घालू नका.
२ वर्षांच्या आतल्या बाळाला दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे साधारण पाव ते अर्धा कप, चमच्या चमच्याने पाजा.
उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग परत हळूहळू सुरू करा.
अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका.
२४ तासांनी उरलेलं ओतून द्या, नवं बनवा.

बाटली मुद्दाम लिहिलीये, कारण 'लिटर' घरात सापडत नाही, बाटली सापडते. तांब्या लिहू नका, प्रत्येक घरातला तांब्या वेगळा. आणि बाजारात १ लिटरच्या पाकिटासोबत २०० मिलीचं छोटं पाकीटही मिळतं, त्यामुळे तुमच्या भागात जे वाटलं जातं त्या पाकिटाचं चित्र कागदावर छापा, नाहीतर छोटं पाकीट लिटरभर पाण्यात जातं किंवा मोठं पाकीट पेलाभर पाण्यात, आणि हे दुसरं जास्त धोक्याचं. पाकीट मिळालंच नाही तर काय हेही तिथेच सांगा: १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. यातला 'सपाट' शब्द काढला तर सगळं प्रमाण बिघडतं, शीग लावून भरलेल्या चमच्यात कितीतरी जास्त मीठ बसतं.

'पुरेसे', 'योग्य प्रमाणात', 'आवश्यकतेनुसार' हे तिन्ही शब्द अशा कागदावरून सरळ खोडा. योग्य किती ते माहीत असतं तर कागद कशाला लागला असता.

मेडिकलमधून काय आणायचं तेही लिहा. ओआरएस नाव लावलेली गोड पेयं बरीच वर्षं विकली जात होती, २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला बंदी घातली, पण घराघरात सवय तीच आहे. 'पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा' ही एक ओळ पुरे.

आशाताईंसाठीचा कागद

आशाताईंना द्रावण कसं बनवायचं ते पाठ असतं, ते परत लिहून त्यांचा वेळ घेऊ नका. त्यांना निर्णय घ्यायचे असतात, घरी ठेवायचं की पुढे पाठवायचं. म्हणून त्यांच्या कागदावर 'काय दिसलं तर काय करायचं' असं हवं. बाळ किरकिर करतंय, डोळे खोल गेलेत, अधाशासारखं पाणी पितंय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसते, यातली दोन लक्षणं दिसली की ओआरएस पाजत पाजत उपकेंद्रात घेऊन जा. बाळ सुस्त पडलंय, पीत नाहीये, तर १०८ ला फोन. शीतून रक्त पडतंय तर डॉक्टरकडे, घरी थांबायचं नाही.

झिंकची गोळी इथे नीट लिहायला पाहिजे. २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी म्हणजे १० मिग्रॅ, त्यापुढे ५ वर्षांपर्यंत पूर्ण २० मिग्रॅ, रोज एकदा, १४ दिवस. जुलाब दोन-तीन दिवसांत थांबले की बहुतेक घरांत गोळ्या बंद होतात, म्हणजे कृती सुटते ती इथे. मग कारणही इथेच लिहा, खाली टिपेत नको: 'जुलाब थांबले तरी १४ दिवस द्या, कारण पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब व्हायचं प्रमाण कमी होतं.' कारणं सगळीकडे पेरली तर कोणी वाचत नाही, पण जिथे माणूस मधेच सोडून देणार तिथे कारण पाहिजेच.

सिस्टरसाठीचा कागद

इथे तक्ता चालतो, ग्रॅम आणि मिली चालतात. अंगातलं पाणी थोडं कमी झालेल्या मुलाला पहिल्या ४ तासांत वजनाच्या किलोमागे ७५ मिली ओआरएस, म्हणजे ८ किलोच्या मुलाला ६०० मिली, तासाला १५०. हे गणित करून वजनाप्रमाणे तयार आकडे द्या, गर्दीच्या ओपीडीत गुणाकार करायला लावू नका. ४ तासांनी परत तपासायचं, ही ओळ तक्त्यात ठळक.

आता सगळ्यात महत्त्वाचं

कागद लिहून झाला की 'समजलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. पाकीट, भांडं, बाटली समोर ठेवा आणि 'ताई, कागद बघून करून दाखवा' म्हणा, आणि तोंड बंद ठेवा. जिथे हात थांबतो ती ओळ बदला.

बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने १९८० पासून दहा वर्षांत १ कोटी २० लाखांहून जास्त घरी बायकांना घरचं द्रावण शिकवलं. तिथे ना चमचा सारखा ना भांडं सारखं, म्हणून माप होतं तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. लक्षात ठेवायचे मुद्दे फक्त दहा. आणि शिकवणारीचा पगार किती घरं फिरली यावर नव्हता, नंतर दुसरी माणसं जाऊन काही घरांत तपासायची, बाईला किती मुद्दे आठवतात आणि द्रावण बरोबर जमतं का, त्यावर पैसे ठरायचे. मला हे फार पटतं, वाचणाऱ्याला जमलं नाही तर जबाबदारी सांगणाऱ्याची.

आणि कागदाच्या कोपऱ्यात तारीख टाका. डब्ल्यूएचओने २००२ मध्ये ओआरएसचं सूत्र बदललं, मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केलं, असे बदल होत राहतात. नवा कागद द्यायला जाल तेव्हा भिंतीवरचा जुना स्वतः काढून घ्या, दोन्ही शेजारी शेजारी लावून येऊ नका.